इस्त्रीशी वैर

आमच्या नाशिकच्या कॉलेजच्या लॅबमध्ये दोन इस्त्र्या होत्या आणि दोन्हींच्या पिना बाईंच्या पर्समध्ये असायच्या. पक्कडीने वायर कापून त्यांनी स्वतःच त्या काढून घेतल्या होत्या. प्रिन्सिपॉलना त्यांनी सांगितलं, "शॉर्ट सर्किट होत होतं." आम्हाला सांगितलं, "होणार होतं." फॅशन डिझायनिंगच्या कॉलेजात इस्त्री बंद, हे ऐकून नव्या मुली पहिला आठवडा हसायच्या, दुसऱ्या आठवड्यात रडायच्या आणि तिसऱ्यापासून हॉस्टेलवर गुपचूप गादीखाली कपडे दाबून ठेवायच्या. बाईंना तेही कळायचं. गादीखाली दाबलेला कपडा त्या दारातून ओळखायच्या.

बाई आम्हाला पॅटर्न मेकिंग शिकवायच्या, म्हणजे कापड कापायच्या आधी कपड्याचे भाग कागदावर काढायला. वय पंचावन्नच्या आसपास, केस आखूड, अंगात खादीचा पूर्ण बाह्यांचा कुडता. तो बादलीतून पिळून काढून तसाच वाळवलेला असायचा. आमच्या ॲडमिशनच्या दिवशी गेटवरच्या नव्या वॉचमनने त्यांना "पालकांनी तिकडं बसायचं" म्हणून बाकावर बसवलं होतं. बाई खुशाल अर्धा तास पालकांमध्ये बसल्या. मग वर्गात येऊन त्यांनी एकेका मुलीला तिच्या वडिलांचा शर्ट कसा होता ते सांगितलं. कुणाचे वडील स्कूटरवरून आले, कुणाचे गाडीतून, कुणी सकाळपासून प्रवासात आहेत, सगळं बरोबर. माझे पप्पा त्या दिवशी आले नव्हते. मीच त्यांना येऊ दिलं नव्हतं.

"आणि मला मॅम म्हणायचं नाही," बाई म्हणाल्या. "मॅम म्हटलं की मला शोरूममध्ये उभं केल्यासारखं वाटतं. बाई म्हणा. बाईला बसता येतं."

त्यांचं इस्त्रीशी वैर का, हे त्या कुणीही न विचारता सांगायच्या. "कपडा नवा असतो तोवर तो दुकानदाराचा. तुम्ही त्यात बसलात, वाकलात, बसच्या दांड्याला लोंबकळलात की तो तुमचा होतो. आणि मग तुम्ही काय करता? दिवसभर राबून मिळवलेली ती एवढीशी ओळख गरम लोखंडाने पुसून टाकता. वर त्याला नीटनेटकेपणा म्हणता!" हे म्हणताना त्यांचा आवाज चढायचा. इस्त्रीविषयी एवढ्या पोटतिडकीने बोलणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. अपवाद आमच्या पप्पांचा, पण त्यांची पोटतिडीक उलट्या बाजूची होती.

बाईंच्या गळ्यात टेप नसायची, छोटा डिजिटल कॅमेरा असायचा. मोबाइलच्या जमान्यात तो कॅमेरा बघून पोरं हसायची. त्या कॅमेऱ्यातून बाई फक्त सुरकुत्यांचे फोटो काढायच्या. लॅबच्या कॉम्प्युटरवर त्यांचे फोल्डर होते: 'कोपर', 'गुडघे', 'पाठ बसलेली', 'पाठ उभी'. हजारो फोटो, आणि चेहरा एकाचाही नाही. एकदा गॅदरिंगला कुणीतरी चुकून त्यांनाच स्टाफचा ग्रुप फोटो काढायला सांगितला. बाईंनी मन लावून काढला. फोटो आला तेव्हा त्यात पंधरा जणांची फक्त धडं होती. प्रिन्सिपॉलनी विचारलं, "अहो, आमची तोंडं?" बाई म्हणाल्या, "तोंडं तुम्ही लावून आला होतात सर, फोटोसाठी. कोट मात्र खरा होता."

ट्रेंडच्या तासाला त्यांना भलताच चेव यायचा. आम्ही मोबाइलवरून चित्रं जमवून रात्रंदिवस खपून बोर्ड करायचो आणि बाई एका वाक्यात त्याची वाट लावायच्या. एका मुलीने ढगळ शर्टांवर बोर्ड केला होता. बाई म्हणाल्या, "थोरल्याचा शर्ट धाकट्याने घातला की आमच्या वेळी त्याला काटकसर म्हणायचे. आता ओव्हरसाइज्ड म्हणतात, एवढाच फरक." लिननवर बोलताना तर त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, हसून हसून. "बघा, जे कापड सगळ्यात जास्त चुरगळतं ते सगळ्यात महाग. आमच्याकडचं चुरगळणं फुकट होतं म्हणून त्याची कुणाला किंमत नव्हती." पण त्या नुसती टिंगल करून थांबायच्या नाहीत. जीन्सच्या मागच्या खिशावर मोबाइलचा चौकोन कधीपासून दिसायला लागला, शर्टाच्या वरच्या खिशावरचा पेनाचा डाग कधी गेला, हे त्यांच्या फोल्डरमध्ये वर्षावर्षाने लावलेलं होतं. ट्रेंड म्हणजे काय ते मला त्या फोल्डरमध्ये कळलं.

त्यांच्यापुढे थाप मारायची सोय नव्हती. आमच्या वर्गातली एक मुलगी दुपारच्या तासाला उशिरा आली आणि "लायब्ररीत होते" म्हणाली. बाईंनी तिला गोल फिरवलं. म्हणाल्या, "लायब्ररीत पाठीला खुर्ची असते. तुझ्या टॉपला पोटाशी सुरकुत्या आहेत, पाठ कोरी. मोटरसायकलवर मागे बसून, पुढे रेलून आली आहेस. बस खाली." ती बिचारी लाल झाली. नंतर तिने त्या मोटरसायकलवाल्याशीच लग्न केलं आणि पत्रिका द्यायला आली तेव्हा बाईंनी तिला एवढंच विचारलं, "हेल्मेट घालतो ना?"

दर महिन्याला एकदा बाई आम्हाला सातपूरला घेऊन जायच्या, पहिली शिफ्ट सुटायच्या वेळेला. कारखान्याच्या गेटसमोर चहाच्या गाडीपाशी उभं राहायचं आणि बाहेर येणारे शर्ट बघायचे. "मुंबईचा फॅशन वीक वर्षातून एकदोनदा. हा रोज असतो, आणि पास लागत नाही," असं त्यांचं म्हणणं. एकदा एका कामगाराने त्यांना फोटो काढताना पकडलं.

"ओ मॅडम, माझा फोटो कशाला काढला?"

"तुमचा नाही हो, शर्टाचा."

"मंग शर्ट काय माझ्या शेजाऱ्याचा हाय का?"

आम्ही मुली घाबरलो. बाईंनी शांतपणे कॅमेरा त्याच्यापुढे धरला. "नको असेल तर लगेच पुसते. पण आधी हे बघा. तुमच्या शर्टाला पोटाशी आडवी सुरकुती आहे आणि उजवा खांदा वर ओढलेला आहे. लेथवर आहात ना तुम्ही? टेकून उभं राहायची सवय आहे."

माणूस गार पडला. "आयला," तो म्हणाला, आणि मागे वळून ओरडला, "ए, इकडं या रे! ह्या बाई शर्ट वाचत्यात!" मग काय, रांगच लागली. बाईंनी एकापाठोपाठ एक अकरा जण ओळखले. बाराव्याला त्या फोर्कलिफ्ट ड्रायव्हर म्हणाल्या आणि तो कँटीनमध्ये चपात्या लाटणारा निघाला. सगळे खो खो हसले. बाईही हसल्या, पण परतीच्या बसमध्ये पूर्ण वेळ गप्प होत्या. सीबीएसच्या स्टँडवर उतरताना एकदम म्हणाल्या, "लाटणं! दोन्ही कोपरं सारखी होती. मी कशी चुकले?"

आता माझं सांगते. मी सिन्नरची. रोज एसटीने यायचे. बसमध्ये जागा असली तरी मी बसायची नाही. सिन्नरपासून नाशिकपर्यंत उभी, कुडता मोडू नये म्हणून. नाशिकच्या मुलींमध्ये मी गावाकडची दिसू नये एवढाच माझा त्या वर्षातला ध्यास होता. बाईंनी पहिल्याच महिन्यात मला थांबवलं.

"सिन्नरहून उभी येतेस?"

"नाही बाई, बसून येते."

"गुडघ्यामागे एक सुरकुती नाही. आणि ही बाहीची धार! इतकी सुरेख इस्त्री घरी कोण करतं?"

"पप्पांचा गारमेंट फिनिशिंगचा बिझनेस आहे," मी म्हणाले.

"असं होय," बाई म्हणाल्या आणि माझ्या बाहीचा फोटो काढून निघून गेल्या.

पप्पांची सिन्नरच्या स्टँडजवळ लाँड्री होती. लाँड्री कसली, पत्र्याचं खोपटं आणि एक टेबल. त्यावर ते तीस वर्षं इस्त्री करत होते, आणि त्या इस्त्रीवरच मी कपडे चुरगळायचं शिक्षण घेत होते. बाईंचं इस्त्रीचं वेड मी घरी सांगितलं नाही आणि घरची इस्त्री कॉलेजात सांगितली नाही. तीन वर्षं मी ही दोन माणसं एकमेकांपासून लपवून ठेवली.

शेवटच्या वर्षाला बाईंच्या प्रोजेक्टचा नियम असा होता: पाच कपडे शिवायचे, हाताने काम करणाऱ्या पाच माणसांना द्यायचे, आणि त्यांनी ते कामावर दीड महिना वापरायचे. धुवायचे, पण इस्त्री नाही. मग ते परत आणून, अंगावरच्या सगळ्या खुणांसकट, ज्यूरीपुढे लटकवायचे. ज्यूरी म्हणजे मुंबईहून येणारे बाहेरचे परीक्षक. त्यात नापास तर वर्ष गेलं. माझ्या ताईचं लग्न एक वर्ष पुढे ढकलून घरच्यांनी मला शिकवलं होतं, तेव्हा मला वर्ष गमावणं परवडणारं नव्हतं.

मी माझी पाच माणसं शोधली. सातपूरचा तो लेथवाला, त्र्यंबकेश्वरला देवळाच्या वाटेवर बेलफूल विकणारी एक मावशी, पेठ तालुक्यातून द्राक्षबागेत कामाला आलेली एक बाई, सिन्नरचा जीपवाला आणि दिवसभर फळ्यावर लिहिणारा एक प्राथमिक शिक्षक. जाडसर सुती कापडाचे पाच सदरे. दीड महिना मी मोबाइलवर फोटो काढत त्यांच्यामागे हिंडले. ज्यूरीच्या दोन दिवस आधी सगळे सदरे गोळा केले. काय सुंदर दिसत होते ते! घामाने, उन्हाने, कामाने प्रत्येकाची वेगळी घडी पडलेली. मी ते हळूच एका पिशवीत भरून घरी कॉटखाली ठेवले आणि बोर्ड लावायला आदल्या दिवशी नाशिकला मैत्रिणीकडे मुक्कामाला गेले. संध्याकाळी पप्पांना फोन केला, "कॉटखालची पिशवी सकाळी कॉलेजवर घेऊन या. सांभाळून आणा, माझं सगळं वर्ष त्यात आहे."

ही माझी चूक. इस्त्रीवाल्याला 'सांभाळून आणा' असं मोघम सांगायचं नसतं.

सकाळी नऊला पप्पा लॅबच्या दारात उभे. हातात वर्तमानपत्रात बांधलेले पाच पुडे. पिशवी दिसत नव्हती. मला तिथेच सगळं कळलं.

"मळके व्हते गं लय," पप्पा कौतुकाने म्हणाले. "असे कसे द्यायचे परीक्षेला? धुतले, स्टार्च केला, कडक इस्त्री मारली. एक सुरकुती सापडली तर सांग!"

मग मी पप्पांना काय काय बोलले ते लिहायची मला आजही लाज वाटते. दीड महिना, पाच माणसं, माझं वर्ष, आणि "तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" हे तर तीनदा. सगळ्या वर्गासमोर. पप्पा पुडे छातीशी धरून उभे राहिले. त्यांना आपलं काय चुकलं तेच कळत नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "मला वाटलं, तुला येळ मिळाला नसंल."

तेवढ्यात बाई आल्या. मी रडत रडत सगळं सांगितलं. गारमेंट फिनिशिंग म्हणजे काय तेही सांगितलं, आता लपवायला उरलं काय होतं? बाईंनी पप्पांच्या हातातला एक पुडा घेतला, दोरा सोडला, सदरा उलगडला. बाईंनी कॉलरवरून हात फिरवला, बाहीची धार बघितली.

"फार सुरेख इस्त्री आहे हो," त्या अगदी दुःखी आवाजात म्हणाल्या. मग पप्पांकडे वळल्या. "दादा, हा तुमच्या हातात आला तेव्हा कसा होता, काही आठवतं?"

"आठवतं म्हंजे?" पप्पांना प्रश्नच चमत्कारिक वाटला. "इस्त्रीच्या आधी बघावंच लागतं ना. सुरकुती कुठं जुनी, कुठं नवी, ते बघितल्याबिगर पाणी कुठं मारायचं ते कसं कळंल? ह्याला हितं पोटाशी आडवी व्हती. पक्की बसल्याली. दोनदा पाणी मारलं तवा गेली. ह्यो माणूस टेकून उभा ऱ्हातो. आन उजवा खांदा वढतो."

बाईंनी टेबलावरचा खडू उचलला, आम्ही कापडावर खुणा करायला वापरतो तो. "दाखवा. जिथे जिथे होती तिथे काढा."

पप्पा दोन पावलं मागे सरकले. "इस्त्री केल्याल्या कपड्यावर खडू? नाय बाई. ते माझ्यानं व्हनार नाय."

शेवटी असं ठरलं की पप्पांनी बोट ठेवायचं आणि मी रेघ काढायची. अकराला ज्यूरी. पाच सदरे टेबलावर पसरले आणि आम्ही बापलेक कामाला लागलो. पप्पा एकेका कपड्यावर वाकून डोळे बारीक करायचे आणि बोट अलगद फिरवायचे. "हितनं हितवर. जरा तिरपी. हां, आता हिला दोन फाटे." बाई शेजारी उभ्या राहून माझ्या मोबाइलमधल्या फोटोंशी ताडून बघत होत्या. फोटोत होतं ते सगळं पप्पांना पाठ होतं. बेलफूलवाल्या मावशीच्या सदऱ्यापाशी ते थांबले. "ही बाई बसून काम करते. पर हिचा डावा गुडघा दुमडत नाय. घेराला एकाच बाजूला मोडल्याला हाय."

मी त्या मावशींकडे सहा वेळा गेले होते. त्यांचे दोनशे फोटो माझ्याकडे होते. बाईंनी फोटो मोठा करून बघितला आणि मोबाइल खाली ठेवला. मावशींचा डावा पाय पुढे सरळ होता, प्रत्येक फोटोत. माझ्या लक्षात आलं नव्हतं, आणि बाईंच्याही.

"दादा," बाई म्हणाल्या, "मी वीस वर्षं हे बघतेय. तुम्ही माझ्या पुढचे आहात."

"तुमी सुरकुती बघता. मला मोडावी लागती," पप्पा म्हणाले. "मोडायची म्हटल्यावर नीट बघावंच लागतं."

ज्यूरी आली तेव्हा पाच कडक पांढरे सदरे टांगलेले होते आणि प्रत्येकावर निळ्या खडूच्या रेघा, न राहिलेल्या सुरकुत्यांच्या. परीक्षकांपैकी एक लिननचा कोट घातलेले गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "व्हेरी इंटरेस्टिंग. ही इस्त्रीची कल्पना कुणाची?"

मी म्हणाले, "माझ्या वडिलांची. सिन्नरला स्टँडजवळ त्यांची लाँड्री आहे. हे काय, इथेच आहेत." हे एवढं बोलायला मला तीन वर्षं लागली होती. बोलले आणि एकदम हलकं वाटलं.

गृहस्थ पप्पांकडे गेले, त्यांच्याशी दहा मिनिटं बोलले आणि जाताना आपल्या कोटाची बाही पुढे करून हळूच विचारलं, "ह्याला काय करावं हो?" पप्पांनी बाही चाचपली. "दमट असतानाच करायची," त्यांनी सांगितलं, "आन ट्रेनमधी घालून बसायचं नाय." मी पास झाले. पहिली वगैरे नाही, पण पास.

दुपारी बाईंनी आम्हा दोघांना कँटीनमध्ये चहा पाजला. बाई खुशीत होत्या. कप खाली ठेवून पप्पांना म्हणाल्या, "दादा, आता माझं सांगा."

"ऱ्हाऊ द्या बाई."

"का? घाबरू नका. माझा कुडता वाचा."

पप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग कपाकडे. "उजवी बाही फळ्याची हाय. लिवताना वर जाती. डावीला..." ते थांबले. "डावीला कोपराच्या वर बोटांच्या सुरकुत्या हायेत. चार फुडं, एक मागं. रोज त्याच जागी, म्हनून पक्क्या झाल्यात. बारकं पोर असतं तर खाली वढलं असतं. हे वरून भार टाकतंय. घरात कुणी म्हातारं माणूस हाय, तुमाला धरल्याबिगर उठत नाय."

बाईंनी आपल्या डाव्या बाहीकडे बघितलं. पाचच्या ठोक्याला त्या कॉलेजातून पळत सुटायच्या आणि आम्ही मागून हसायचो, बाईंचं घड्याळ सरकारी आहे म्हणून. मला ते आठवलं. तीन वर्षं मी ह्या बाईंकडून कपडे वाचायला शिकत होते, आणि त्यांचा स्वतःचा कुडता मी एकदाही वाचला नव्हता.

"आई आहे," बाई म्हणाल्या. "मला ओळखत नाही आता. पण हात दुसऱ्या कुणाचा धरत नाही."

"मंग वळखत्यात की," पप्पा म्हणाले.

बाईंनी गळ्यातला कॅमेरा काढला आणि पप्पांच्या हातात दिला. कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. मग डावी बाही टेबलावर उजेडात नीट धरली, कुठे मोडणार नाही अशी.

"काढा," त्या म्हणाल्या. "एवढी एक माझ्याकडे नाही."

पप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा तसला कॅमेरा धरला होता. फोटो जरा हललेला आला. त्यांनी दुसरा काढू का विचारलं, तर बाई नको म्हणाल्या आणि पाचच्या आत घरी गेल्या.